वहिनी बुटांत पाणी भरते

प्रिय दादा,

तुझ्याच माडीवर बसलेय. तुझी फौजेतली काळी ट्रंक पुढ्यात ओढलीय, तिच्यावर वही ठेवलीय आणि लिहितेय. काल तुझं पाचवं वर्षश्राद्ध झालं. खाली पडवीत कालची मोठी पातेली अजून पालथी घातलेली आहेत. पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आजच ही कुठली हुक्की आली, असं म्हणशील. हुक्की नाही रे. पळून आलेय वर. वहिनीनं अंगणात मला एक प्रश्न विचारला आणि मी "आले हं, गोळी घ्यायची राहिली" म्हणून जिना चढले. त्याला अर्धा तास झाला.

ती अजून तिथंच आहे. खिडकीतून दिसतेय मला. ओट्यावर तुझे ते काळे गमबूट उभे करून ठेवलेत आणि दोन्ही बुटांत तिनं काठोकाठ पाणी भरलंय. खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरलंय. समोर बसलीय, गुडघ्यावर हनुवटी टेकवून, कागद कुठं ओला होतोय का ते बघत.

तुला माहीत आहे का हे? दर वर्षी करते म्हणे. तुझं वर्षश्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी बूट काढायचे, पाणी भरायचं आणि बसायचं. मी आजवर जेवण झालं की त्याच दिवशी परतीची एसटी धरायचे, म्हणून मला कधी दिसलं नाही. यंदा पावसानं मुक्काम पडला आणि दिसलं.

"सकाळधरनं भरलंय बगा, वन्सं," ती म्हणाली. "एक थिंब न्हाई गळला. मग ह्येंच्या पायाला पानी लागलं तरी कुठनं?"

काय सांगू तिला? उत्तर मला माहीत आहे, दादा. जित्या माणसांत फक्त मलाच माहीत आहे.

तिला आत काय खातंय ते आधी सांगते. ते बूट तिनं आणले होते. आमच्याकडं पुराचं पाणी उतरायला लागलं आणि तू मदतीला निघालास, तेव्हा ती म्हणत होती की कराडला उतरून चांगले बूट घ्या. तू कुठला ऐकतोस! तुला कधी एकदा पलूसला पोचतो असं झालेलं. मग तीच पाटणच्या बाजारात पळाली, पहिल्या दुकानात जे मिळाले ते घेऊन आली, आणि तुझ्या हातात कोंबले. पुढं तू आजारी पडलास, गेलास, आणि तिच्या डोक्यात एकच बसलं की बूट फुटके होते. तळव्याचा जोड सुटलेला असणार, टाचेला बारीक चीर असणार, आपण गडबडीत उलटेपालटे करून बघितले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उंदीर-घुशींच्या मुतानं नासलेलं पाणी पायाच्या भेगेतून शिरलं. पायात तर बूट होते. म्हणजे बूटच फुटका! दुसरं काय समजणार ती?

दादा, बूट धड आहेत. पाच वर्षं ती एका धडधाकट बुटाला फुटका ठरवायला बघतेय आणि तो काही ठरत नाही.

आणि तुझ्या पायात बूट होते, हे तिला मी सांगितलंय.

हे निव्वळ घरातलं राहिलं असतं तर मी आणखी पाच वर्षं गप्प बसले असते. खरं तेच सांगते, तुझ्यापाशी काय लपवायचं? पण काल संध्याकाळी आणखी एक झालं. यंदाही नदीनं आमच्या बाजूला धुमाकूळ घातलाय. आमचं घर वाचलं, खालच्या अंगाची गावं बुडाली. परवा पाणी उतरलं, तशी तुझ्या गावातली तरुण मंडळी निघालीत मदतीला. तुमच्या आळीतला संभा, तो आता हायस्कुलात मास्तर आहे, त्यानं टेंपो ठरवलाय. पाण्याचे कॅन, बिस्किटं, खराटे, ब्लिचिंग पावडर. कुणीतरी गमबुटांचं एक पोतंही दिलंय. काल टेंपो तुमच्याच दारात भरत होते. वहिनी, लोक काय म्हणतील ते न बघता, हळदी-कुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली, टेंपोला कुंकू लावलं आणि पोतं बघून थांबली.

"संभा, बुटाचं पोतं कशाला घालतूस रं? तेवड्या जागंत खाऊची खोकी बसत्याल. आमच्या ह्येंच्या पायात व्हतंच की बूट. झाला का उपेग?"

संभा तुझा विद्यार्थीच म्हणायचा, तू त्याला भरतीसाठी पळवायचास पहाटे. तुझं नाव निघालं की त्याला तो शेवटचा शब्द. त्यानं खरंच पोतं खाली उतरवलं. मी दारात उभी होते, दादा. वहिनीच्या हातातलं ताट घेतलं आणि आत नेऊन ठेवलं.

आज चार वाजता टेंपो निघणार आहे. आता अडीच वाजलेत.

तुला ते तीन दिवस आठवत असतील ना? मला तर त्यातला एकेक तास पाठ आहे. धरणाचे दरवाजे उचलले की पहिला फोन तुझा यायचा. तुझ्या दारावरून गेलेलं पाणी पुढं माझ्या दारात यायचं. "शाले, दरवाजं उचललं गं. जनावरं सोड, कागदपत्रं घे आन् वर जा. सामानाचा मोह करू नगंस." त्या वर्षीही तू वेळेत सांगितलंस म्हणून आम्ही सगळे शाळेच्या माळावर पोचलो. ह्यांनी म्हशी सोडल्या, मी देव उचलले. पाणी उतरलं त्याच दिवशी तू हजर! कुणाच्या तरी जीपमधून, डोक्यावर खताची पोती पांघरून, पायात नवे कोरे बूट. चिखलात उभा राहून तू मला पहिलं काय म्हणालास? "रडायचं काम न्हाई. खराटा कुठं हाय?"

ह्यांना जनावरांपाशी माळावरच थांबावं लागलं. घरी तू आणि मी. घर कसलं, गाळाचा डोह होता तो. गव्हाची पोती फुगून फुटलेली, गादीत पाणी, कपाट आडवं, आणि तो वास! तू उंबऱ्याबाहेर उभा राहून फौजेतल्यासारखं भाषण ठोकलंस. पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. हात साबणानं धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. बूट काढायचा नाही. काश्मिरात असताना पुरात काम केलंय मी, म्हणालास, पाण्यानं मरत नाहीत तेवढी माणसं पाण्यानंतर मरतात. मी म्हटलं, "झालं का भाषान? उचल मग कपाट."

पण तू यायच्या आधी मी एक काम उरकलं होतं. सकाळी एकटीनं येऊन स्वयंपाकघर धुतलं होतं. तिथला गाळ ओढला, फरशी तीनदा धुतली, ब्लिचिंग टाकलं, चौथ्यांदा धुतली आणि कोनाड्यात देव परत मांडले. सगळ्या घरात तेवढी एकच खोली माझी झाली होती. बाकी सगळं नदीचं होतं. तुला माझा स्वभाव माहीत. "शालीच्या सैपाकघरात कलेक्टर आला तरी पायतान काढूनच यील," असं तूच सगळ्यांना सांगत फिरायचास. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा.

गोठ्याला जायची वाट स्वयंपाकघरातूनच. सामान बाहेर काढायचं ते तिथूनच. तू दारात आलास की दारालगतच्या ओट्यावर बसायचास, दोन्ही हातांनी बूट ओढायचास. ओल्या पायातून तो निघता निघत नसे. मग फस्सकन आवाज करून सुटायचा. दुसरा. आत यायचं, ओझं उचलायचं, पलीकडच्या दारात ठेवायचं, परत फिरायचं, बूट चढवायचे, वळसा घालून तिकडं जायचं. पहिला अख्खा दिवस तू हे केलंस. साठी गाठलेला माणूस, कंबर धरून वाकत होता, आणि मी फरशीवर कुठं डाग पडला का ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू एक बूट हातात घेऊन थांबलास. माझ्याकडं बघितलंस.

"शाले, असाच ईऊ का आत? सरळ जातो आन् पल्याड उतरतो. म्हागारी धुऊन देतो तुला समदं."

"अजाबात न्हाई. देव हायत आत. म्हायेरचा मानूस म्हून काय सूट न्हाई."

तू हसलास. सलाम ठोकलास मला, चिखलाच्या हातानं! "घर तुजं, आर्डर तुजी." आणि दोन्ही बूट ओट्यावर जोडीनं ठेवून दिलेस. त्यानंतरचे संपूर्ण दोन दिवस तू अनवाणी काम केलंस. आत येताना बादलीत पाय बुचकळायचास, पलीकडं गोठ्यात घोट्यापर्यंत गाळात उतरायचास. माझी फरशी स्वच्छ राहिली, तुझा वेळ वाचला, दोघंही खूश. आणि त्या बादलीत पाणी कसलं होतं? आमच्याच आडाचं. त्या आडातही पूर शिरला होता, दादा. मी स्वतःच्या हातानं भरून ठेवत होते ती.

मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला तोंड नाही मला. तू निघालास त्या दिवशीच वहिनीचा फोन आला होता. "वन्सं, ह्येंच्या टाचंला भेग हाय. बूट काढू देऊ नगा, तुमचं आयकत्यात ते." मी हो म्हटलं होतं. तू गोठ्यात पहिल्यांदा अनवाणी उतरलास तेव्हा मला तो फोन आठवला सुद्धा. एवढं पोतं झालं की सांगू, असं मनात म्हटलं. मग दुसरं पोतं आलं.

आणि देवांचं म्हणशील, तर एक गंमत सांगू? कुणालाच सांगितलेली नाही. पूर आला त्या घाईत मी देव ज्या पिशवीत टाकले, तिच्यात खाली माझ्या आणि ह्यांच्या चपलांचे जोड होते. चार दिवस देव चपलांवर बसून होते माळावर. त्यांनी चकार शब्द काढला नाही. आणि मी तुझ्या बुटांसाठी त्यांचं नाव पुढं केलं! देवांना काही नव्हतं रे. मला होतं. सगळं गेलं होतं, आणि एका खोलीत तरी माझा हुकूम चालतोय हे मला कुणाला तरी दाखवायचं होतं. समोर तू सापडलास.

तिसऱ्या दिवशी आरोग्यसेविका आली, हातात गावाची यादी आणि पुराच्या पाण्याचा ताप येऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्यांचा डबा. घरटी नावं वाचून गोळ्या देत होती, जेवल्यावर घ्या म्हणून बजावत होती. माझं नाव आलं, ह्यांचं आलं. तू खराटा टेकवून बाजूला उभा. मी म्हटलं, "ह्यो माजा भाऊ, ह्येला बी द्या की." ती द्यायला तयार होती, डब्यात हातही घातला होता तिनं. तूच मागं सरलास. "मी पाव्हना हाय बाई, उद्या गावाकडं चाललो. हितल्या लोकास्नी पुरू द्यात." जणू पाणी माणसाचा पत्ता विचारून आत शिरतं! एवढं शहाणपण शिकवणारा तू, आणि स्वतःची गोळी दान करून मोकळा. याचा मला राग आहे, दादा. माझ्या वाट्याचं मी घेतेय ना, मग हे तुझ्या वाट्याचं तू घे.

तू गेलास. आठ-नऊ दिवसांनी ताप आला. इकडं डोंगरात पावसाळ्यात कुणाला ताप येत नाही? पोटऱ्या ठणकायला लागल्या, तर तू म्हणालास ओझी उचलली म्हणून. डोळे लाल झाले, तर जागरणानं. पण गावातले डॉक्टर हुशार निघाले. तू पुराकडं जाऊन आलास हे कळल्याबरोबर त्यांनी नेमकं विचारलं. तुला विचारलं आणि वहिनीलाही. तू काय उत्तर दिलंस ते वहिनी आजही सांगते. हसलास म्हणे, आणि म्हणालास, "बूट न्हेलं व्हतं की." मग तिनं खात्री करायला मला फोन लावला.

तो फोन मी कितीदा ऐकते म्हणून सांगू! भांडी घासताना ऐकते, एसटीत बसल्यावर ऐकते.

"वन्सं, डाक्टर इचारत्यात. ह्ये अनवानी उतरलं व्हतं का वो पुराच्या पान्यात? नीट आठवून सांगा."

आठवायचं काय होतं त्यात? गोठ्यातला गाळ तोवर वाळला होता आणि त्यात तुझी पावलं जशीच्या तशी उठलेली होती. मी फोन कानाला लावून त्यांच्याकडंच बघत उभी होते. पाच बोटं, टाच, पुन्हा पाच बोटं.

"छ्या गं वैनी. बूट व्हतं की पायात."

असं म्हणाले मी. का म्हणाले? तिनं बजावलं होतं आणि मी पाळलं नव्हतं म्हणून. नणंदेच्या सोवळ्यापायी माझ्या माणसाला ताप आला, हे तिच्या तोंडून ऐकायला नको म्हणून. साधा ताप असेल, उतरेल चार दिवसांत, मग कशाला उगीच आपल्या तोंडानं कबुली द्या? एवढंच होतं मनात. मी तुला मारायला निघाले नव्हते, दादा. मी फक्त वहिनीसमोर खाली बघायचं टाळत होते.

फोन ठेवला आणि खुरपं घेऊन गोठ्यात गेले. ती पावलं खरवडून काढली.

डॉक्टरांनी मग दुसऱ्या तापाचं औषध दिलं. त्यांची काय चूक? दोन माणसांनी एकच सांगितल्यावर ते तरी काय करणार? तिसऱ्या दिवशी तुझे डोळे पिवळे झाले आणि लघवी अडली, तेव्हा कराडला नेलं. तिथं रक्त तपासलं आणि मग कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. वहिनी सांगते की तिथले डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस आधी कळतं तर. ती हे वाक्य पुरं करत नाही, मीही करत नाही.

मी आले तेव्हा तू नळ्यांत गुंतलेला. मला वाटलं, तू विचारशील. "शाले, तू सांगितलं न्हाईस व्हय?" एवढंच विचारलं असतंस तर मी तिथंच तुझे पाय धरून मोकळी झाले असते. तू काय विचारलंस? "गोठ्यातला गाळ निगाला का समदा?" मी मान हलवली. तू डोळे मिटलेस.

असं का केलंस रे? लहानपणी मी शेजारच्यांच्या नाचणीत म्हैस सोडली आणि बाबांचा मार तू खाल्लास, ते एक समजू शकते. तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. पण डॉक्टर समोर उभे असताना, स्वतःच्या अंगात आग पेटलेली असताना, तुला माझी अब्रू राखायची पडली होती? "बूट न्हेलं व्हतं." खोटंही बोलला नाहीस आणि खरंही सांगितलं नाहीस. बहिणीला कुणी बोल लावू नये म्हणून तू उत्तर वाकवलंस, आणि मी मोडलंच. आपण दोघांनी मिळून त्या डॉक्टरांना फसवलं, दादा.

तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघराच्या दारात कुणीतरी थांबलेलं असतं. हे मी ह्यांना सांगितलं नाही, वेड लागलं म्हणतील. मी भाकरी थापत असते, पाठ दाराकडं असते, आणि मागं ओट्यावर तो आवाज होतो. फस्स. ओल्या पायातून बूट सुटल्याचा. मग काहीच नाही. आत येत नाही कुणी. वळून बघितलं तर ओटा कोरडा. पहिल्या वर्षी मी घाबरायचे. मग मीच म्हणायला लागले, "ये की आत. असाच ये." घरात कुणी आलं की आता मी आधीच ओरडते, राहू दे चपला, या तशाच. शेजारणी हसतात. शालनबाई सुधारल्या म्हणतात. फरशीवर चिखल उमटतो आणि मी तो पुसत नाही. तरीही तो आवाज थांबत नाही. तू आत येत नाहीस, कारण तुला दिलेली आर्डर मी अजून मागं घेतलेलीच नाही, असं मला वाटतं.

आजही वहिनीनं तो प्रश्न विचारला तेव्हा मी पुन्हा तेच केलं. गोळीचं निमित्त केलं आणि जिना चढले. पाच वर्षांत मी सुधारले ते फक्त फरशीपुरतं.

आता बघ, ती उठलीय. कागद हातात घेऊन उलटा करून बघतेय. कोरडा आहे. उन्हाकडं धरतेय. ऊन कुठलं आज, नुसतं आभाळ भरून आलंय, तरी धरतेय. दादा, तिचे केस सगळे पांढरे झालेत, तू बघितलेस का? तू गेलास तेव्हा काळे होते. पदरानं कागद पुसतेय. कोरडा कागद पुसतेय ती!

रस्त्याला टेंपो आल्याचा आवाज येतोय. संभा कुणाला तरी दोरी ओढायला सांगतोय. आठ-दहा जण जाणार आहेत. सगळ्यांच्या पायात साध्या चपला. मी मघाशी खिडकीतून मोजल्या. त्यातल्या एकाची बहीण तिकडं खालच्या गावात दिली आहे म्हणे, तिच्याच घराचा गाळ काढायला आधी जाणार आहेत. तीही धुवून ठेवेल एखादी खोली. सगळ्या बायका तेच करतात, पहिली चूल आणि देव. आणि तोही दारात थांबून तिच्याकडं बघेल.

मी खाली जातेय, दादा. वही मिटली की लगेच. आधी वहिनीपाशी. तिच्या शेजारी ओट्यावर बसणार नाही, समोर जमिनीवर बसेन. बूट धड आहेत म्हणेन. ते पायात नव्हते म्हणेन. मी काढायला लावले, तिनं फोन केला तेव्हा मी खोटं बोलले, पावलं खरवडून टाकली, सगळं म्हणेन, काही गाळणार नाही. तुझी काही चूक नव्हती, वहिनी, हे तिला सगळ्यात आधी सांगेन, म्हणजे पुढचं ऐकायला ती थांबली नाही तरी तेवढं तिच्या कानावर पडेल. मग टेंपोपाशी जाईन आणि संभासमोर, सगळ्या आळीसमोर तेच बोलेन. ते पोतं वर चढेल. गोळ्या इथल्या दवाखान्यातून घेऊनच निघा म्हणेन, कशा नि केव्हा घ्यायच्या ते तिथंच नीट विचारून घ्या म्हणेन, पाहुणे म्हणून मागं सरू नका म्हणेन. आणि परत आल्यावर कुणालाही ताप आला तर त्यानं डॉक्टरला आपण होऊन सांगायचं, पुराच्या पाण्यात उतरलो होतो. बहीण काय म्हणेल, वहिनी काय म्हणेल, याचा विचार करायचा नाही.

वहिनी मला काय म्हणेल ते मला माहीत नाही. कदाचित काहीच म्हणणार नाही, आत जाऊन दार लावेल. कदाचित या घराचा उंबरा मला कायमचा बंद होईल. माझं माहेर एवढंच उरलंय, दादा, आई-बाबा गेले, तू गेलास. ती एकच आहे जी अजून मला शिदोरी बांधून देते. तरी सांगणार. वचन देते तुला.

तू फक्त एक कर. ती चिडली, मला नको ते बोलली, तिनं हात उगारला तरी, तिच्या मनात येऊन उभा राहू नकोस. माझ्यासाठी तिला समजावू नकोस. आयुष्यभर घेतलीस, या खेपेला माझी बाजू घेऊ नकोस.

तुझी,
शालन